कस्टम आणि शॅडो यांतला फरक

माझं खरं नाव नाशकात फारसं कुणाला ठाऊक नाही. अजूनही भद्रकालीच्या बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ भाजीची पिशवी सावरत मला नमस्कार करतो आणि बायकोला सांगतो, "हे आमचे डिफरन्स मास्तर." ती बिचारी पदर सावरून नमस्कार करते, पण तिला काही बोध होत नाही. कसा होणार? डिफरन्स ही काय चीज होती ते सन तीसच्या पुढेमागे ज्यानं मॅट्रिकची परीक्षा दिली त्यालाच कळायचं.

संपादकांनी दिवाळीसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, शाळामास्तरानं लिहायचं काय? डॉक्टरला रोगी असतात, वकिलाला खून असतात, फौजदाराला चोर असतात. माझ्या वाट्याला इंग्रजी शब्द आले, आणि तेही जोडीनं. ते म्हणाले, त्याचंच लिहा. तेव्हा लिहितो. कंटाळा आला तर पान उलटा, मी काही छडी घेऊन बसलेलो नाही.

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. दोन शब्द द्यायचे, त्यांच्या अर्थातला फरक सांगायचा आणि दोन्ही शब्द वाक्यात वापरून दाखवायचे. हाउस आणि होम. शेड आणि शॅडो. डिस्कव्हर आणि इन्व्हेंट. हॅबिट आणि कस्टम. प्रश्न चांगला होता, अजूनही म्हणतो. ज्याला दोन शब्दांतला फरक कळला त्याला दोन्ही शब्द कळले. पण आपल्याकडे चांगल्या गोष्टीची वाट लावायला वेळ लागत नाही. बाजारात गाईडं निघाली. त्यात सगळ्या जोड्या फरकासकट छापलेल्या. पोरं दिवेलागणीला परवचा म्हणावा तशा त्या जोड्या म्हणायची. हाउस विटांचं, होम माणसांचं. शेड झाडाची, शॅडो माणसाची. मी एकदा विचारलं, "मग माणसाला शेड नसते आणि झाडाला शॅडो नसते का रे?" सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच नापास झालोय.

त्या रागातून माझी फसवी जोडी जन्माला आली. चाचणीच्या पेपरात मी चार सरळ जोड्या घालायचो आणि पाचवी अशी, की दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. अपेक्षा एवढीच, की मुलानं दोन्ही शब्दांचा अर्थ द्यावा, वाक्यात उपयोग करावा आणि धीटपणे लिहावं, यांचा परस्परांशी संबंध नाही, सबब तुलना होत नाही. असं लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क. ओढूनताणून संबंध लावणाऱ्याला भोपळा. इंग्रजी येणं म्हणजे नाही म्हणता येणं, असं मी वर्गात सांगायचो. स्टाफरूममधले लोक मला विक्षिप्त म्हणायचे. म्हणोत. माझी मुलं पेपरात फसत नसत.

आता मुलं काय काय लिहायची त्याचे एकदोन मासले देतो. एका वर्षी मी पिलो आणि ज्युरी अशी जोडी दिली होती. उशी आणि खटल्यातले पंच. सगळ्यांनी कुंथून कुंथून फरक लिहिले. उशी मऊ, ज्युरी कठीण. उशी घरात, ज्युरी कोर्टात. एका वकिलाच्या चिरंजीवांनी तर कमाल केली. लिहिलं होतं, उशीवर डोकं राहतं आणि ज्युरीमुळे डोकं जातं. मी पोट धरून हसलो आणि भोपळा दिला. वकीलसाहेब भांडायला आले. मी म्हटलं, "मुलगा तुमची गादी चालवणार यात शंका नाही, पण इंग्रजीत त्याला मी पास करणार नाही."

दुसऱ्या वर्षी अनियन आणि ऑनर. कांदा आणि अब्रू. नामपूरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा बोर्डिंगात राहून शिकत होता. त्यानं कांद्यावर पानभर लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली, की ऑनर आमच्या बाजारात मिळत नाही. त्याचे वडील कोर्टाच्या कामाला नाशकात आले होते, ते मुलाचा भोपळा बघून तडक माझ्या घरी. "मास्तर, पोऱ्यानी काय खोटं लिखेल शे? आमना बजारमा भेटत नही ते नहीच!" मी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. दुसरं करणार काय?

हे झाले गमतीचे. आता ज्या जोडीसाठी हा कागद खर्ची घालतोय तिच्याकडे येतो.

त्याआधी फॉर्मचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मॅट्रिकला बसायचं तर विद्यापीठाचा फॉर्म लागायचा, आणि त्यावर हेडमास्तरांची सही. आमचे हेडमास्तर शाळेची आधी एक चाचणी घ्यायचे, प्रिलिमिनरी. तीत जो उतरला त्यालाच फॉर्म. उरलेल्यांनी वर्षभर पुन्हा त्याच बाकावर. शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून ही चाळणी. ज्या दिवशी फॉर्म मिळणाऱ्यांची यादी लागायची त्या दिवशी कितीतरी घरांतून जेवणं व्हायची नाहीत.

हेडमास्तर भूमितीचे. माणूस सरळ, कोरडा. "पुरावा?" हा त्यांचा शब्द. कुणी म्हणालं, सर, पोटात दुखतंय, तर ते पहिल्यांदा "पुरावा?" म्हणत आणि मग घरी सोडत. पण माझ्या फसव्या जोडीची त्यांना गंमत वाटायची. ज्यांचे मार्क काठावर असत त्यांचे पेपर ते स्वतः पुन्हा तपासत आणि माझा पाचवा प्रश्न आधी काढून बघत.

त्या वर्षी मी जोडी दिली होती, कस्टम आणि शॅडो. रूढी आणि सावली. खरं सांगतो, मनात दुसरंतिसरं काही नव्हतं. एक शब्द एका सरळ जोडीतून उचलला, दुसरा दुसऱ्या जोडीतून. यांचा काय संबंध, तर काही नाही, असं मी समजून चाललो होतो.

वर्गात काशिनाथ नावाचा मुलगा होता. त्या वेळच्या भाषेत अस्पृश्य समाजातला. वडील देवळालीच्या छावणीत एका गोऱ्या कॅप्टनच्या घोड्याचे मोतद्दार. काशिनाथ गावाबाहेरच्या वस्तीत आत्याकडे राहून शिकायचा. त्याचं इंग्रजी म्हणजे एक न्यारंच प्रकरण होतं. लहानपण पागेत गेलेलं, कानावर सोल्जरांची भाषा. व्याकरणाच्या नावानं शंख, पण बोलायला लागला की आम्हा मास्तरांची बोबडी वळावी. एकदा पौषातल्या थंडीत मी वर्गात शिरलो तर हा उभा राहून म्हणतो, "व्हेरी ब्लडी कोल्ड टुडे, सर." मी अंगावर धावून गेलो. तर हा गोंधळून म्हणाला, "सर, आमचा साहेब तर घोड्याला पण ब्लडी म्हणतो, आणि मेमसायबाच्या केकला पण." आता याला काय समजावायचं? मी म्हटलं, "साहेब मॅट्रिकला बसायचा नाहीय, तू बसायचा आहेस." पोरगा हसला. हट्टी होता, अक्षर कोंबड्यानं उकरल्यासारखं, पण गाईड घेऊन कधी पाठ करत बसायचा नाही. गाईडला पैसे नव्हते हे त्याचं अर्धं कारण.

त्याची निकड अशी होती, की कॅप्टनसाहेबानं वडिलांना शब्द दिला होता. मुलगा मॅट्रिक झाला तर छावणीच्या कोठारात कारकून म्हणून लावतो. पण साहेबाची पलटण पुढच्या उन्हाळ्यात हलणार होती. नवा साहेब मोतद्दाराच्या मुलाला थोडाच ओळखणार? म्हणजे यंदा फॉर्म मिळाला तर कारकुनी, नाही मिळाला तर पागेत घोड्यांना खरारा करायचा. हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं.

त्याच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर मी वाचलं आणि हातातला तांबडा टाक तसाच राहिला. इंग्रजी मोडकं होतं, ते इथे उतरवण्यात अर्थ नाही. मराठीत सांगतो. त्यानं लिहिलं होतं: सावली सूर्य पाडतो, रूढी माणसं पाडतात. सावलीला वजन नाही, वास नाही, ती कुणाला लागत नाही. पण रूढी म्हणते, माझी सावली लागते. म्हणून मी शाळेत येताना सकाळी रस्त्याच्या एका कडेनं येतो आणि संध्याकाळी दुसऱ्या कडेनं जातो. दुपारी सावली पायाखाली असते, तेव्हा मी मधून चालतो. मग वाक्यात उपयोग दोन, त्यांतल्या एकात घोडा. आणि खाली, या दोन शब्दांत पुष्कळ संबंध आहे.

माझ्या नियमानं हा भोपळा. पण नियम होता ओढूनताणून संबंध लावणाऱ्याला. या मुलानं काय ओढलं होतं? तो रोज ज्या रस्त्यानं चालत होता तोच त्यानं लिहिला होता. मी पूर्ण मार्क दिले आणि समासात लिहिलं, उत्तर बरोबर. त्या मार्कांनी तो काठावर चढला. ते काढले तर खाली.

यादी लागायची त्या दुपारी शाळेच्या कमिटीचे चिटणीस आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पंचवटीतलं जुनं घराणं, अंगावर उपरणं, पायात पुणेरी जोडा, बोलणं अगदी मृदू. गरीब मुलांना ते पुस्तकं वाटायचे, हेही सांगितलं पाहिजे. यादी लागायच्या आधी तिच्यावर त्यांची नजर फिरायची पद्धत होती. हेडमास्तरांच्या खोलीत ते दाराजवळच्या खुर्चीत बसले, जोडा काढून बाजूला ठेवला आणि काठावरचे पेपर चाळायला लागले. मी टेबलाच्या या बाजूला. काशिनाथचा पेपर हातात आला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हेडमास्तर, हे काय आहे?"

"पाचवा प्रश्न," हेडमास्तर म्हणाले.

"ते दिसतंय मला. याला मार्क दिलेत? तिकडे देवळाच्या दाराशी या लोकांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चाललाय, रोज पोलीस बसताहेत, गावात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आणि आपल्या शाळेत हे लिहायला शिकवताय तुम्ही?"

मी म्हटलं, "शिकवलं नाही भाऊसाहेब. मी तर उलट शिकवलं होतं."

"मग शून्य द्या. वर हे खोटं आहे ते आहेच, साफ खोटं. मी या गावात जन्मलो. आमच्या आजोबांच्या वेळी असेल असलं काही. हल्ली कोण मानतं हो सावलीबिवली? आगगाडीत लोक मांडीला मांडी लावून बसतात. मुलानं शाळेची आणि गावाची बदनामी केलीय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "खोटं म्हणता? मग त्याच्याबरोबर मेन रोडनं एक फेरी मारून या, सकाळच्या उन्हात."

"मास्तर, खाली बसा," हेडमास्तर म्हणाले. मी उभा राहिलो होतो हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या त्या थंड आवाजात विचारलं, "तुमचा नियम काय?"

"संबंध नसताना लावला तर शून्य."

"म्हणजे सवाल एवढाच, की संबंध आहे का नाही. मुलगा म्हणतो, आहे. भाऊसाहेब म्हणतात, नाही. पुरावा?"

आता मी काय पुरावा देणार? भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मला पोराचं वाईट करायचं नाही. पण चुकीच्या उत्तराला मार्क देऊन त्याचं भलं होणार आहे का?"

हेडमास्तरांनी थोडा विचार करून तोड काढली. मुलाला बोलवायचं, पाचवा प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा लिहू द्यायचा. दोन अर्थ, दोन वाक्यं, आणि संबंध नाही अशी ओळ. तसं लिहिलं तर नियमाप्रमाणे पूर्ण मार्क, फॉर्म आजच. जुनं उत्तर रद्द. भाऊसाहेब लगेच कबूल झाले. मला ही तोड मुळीच पसंत नव्हती, पण मुलाचं वर्ष वाचत होतं. मी उठलो.

काशिनाथ मैदानात लिंबाखाली इतरांबरोबर यादीची वाट बघत होता. खरं म्हणजे इतरांपासून जरा अलीकडे. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी लिहिलं ते चुकलं?"

"चुकलं असं नाही."

"मंग?"

"लिही रे बाबा. वर्ष घालवू नकोस."

त्यानं पायानं माती उकरली. मग म्हणाला, "पागेत लीद काढायची नाय मला, सर. लिहितो. आन् काय सांगावं, मी एका वस्तीतला माणूस. मला सगळ्या गावाचं काय ठावं? त्यांना जास्त ठावं असंल."

मी त्याला घेऊन आत गेलो.

त्यानं टेबलाशी उभ्याउभ्याच लिहिलं. हेडमास्तरांनी आपला टाक दिला होता. रूढी म्हणजे अमुक, सावली म्हणजे अमुक, वाक्यं साधी. शेवटी ओळ: या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हेडमास्तरांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाहेर थांब." तो गेला. भाऊसाहेब मोकळेपणी खुर्चीत रेलले, पाय लांब केले.

"बघा," ते म्हणाले, "मुलगा मुळात चांगला आहे. कुणीतरी कान भरतं यांचे. नाहीतर, मी म्हणतो, हल्ली या गावात कोण मानतं..."

तेवढ्यात काशिनाथ पुन्हा उंबऱ्यात येऊन उभा राहिला. हातात टाक. "सर, टाक माझ्यापाशीच राहिला."

त्या खोलीचं दार पश्चिमेला. थंडीचे दिवस, ऊन कललेलं. मुलगा दारात उभा आणि त्याची लांबलचक सावली खोलीभर आत आलेली, भाऊसाहेबांच्या उघड्या पायांवरून थेट टेबलापर्यंत. भाऊसाहेबांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढले आणि जमिनीवर लोळणारं उपरण्याचं टोक उचलून मांडीवर घेतलं. वाक्य मात्र थांबलं नव्हतं. "...सावलीबिवली?" ते म्हणाले.

आणि दारातला मुलगाही, कुणी काही म्हणायच्या आत, आपोआप एका बाजूला सरकला. भाऊसाहेबांच्या पायांपुढची फरशी पुन्हा उन्हात आली.

भाऊसाहेबांना काय झालं ते आमच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यांनी खुर्चीखालच्या आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. ढोंगी माणूस असता तर त्यानं काहीतरी सारवासारव केली असती. ते एवढंच म्हणाले, "सवय हो. लहानपणापासूनची सवय. दुसरं काही नाही." एकट्याची असते ती हॅबिट आणि सगळ्यांची मिळून असते ती कस्टम, हा फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

हेडमास्तर दाराकडे बघून म्हणाले, "टाक राहू दे तुझ्याजवळ. फॉर्म भरायला लागेल." मुलगा व्हरांड्यात गेला. मग त्यांनी नवा कागद उचलला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि टोपलीत टाकला. जुना पेपर पुढे ओढून माझ्या तांबड्या मार्कांखाली आपली सही केली.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "अर्थ मुलानं बरोबर लिहिला होता. उपयोग आपण करून दाखवलात."

आवाजात टोमणा नव्हता. प्रमेय सुटलं की फळ्यावरून मागे वळून ते ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात बोलले. भाऊसाहेब बराच वेळ उपरण्याचं टोक बोटांनी चुरत बसले. मग म्हणाले, "द्या त्याला फॉर्म." आणि जोडा चढवून निघून गेले. पुढे कितीतरी वर्षं ते चिटणीस होते. पुस्तकं वाटतच राहिले. त्या गोष्टीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. त्यानंतर मी फसवी जोडी देताना दहादा विचार करायला लागलो. दोन शब्दांचा संबंध नाही हे मी कुणाच्या वतीनं ठरवतोय, असा प्रश्न पडायचा. सहकारी म्हणाले, मास्तर म्हातारे झाले.

काशिनाथ मॅट्रिक झाला, हे आधीच सांगून टाकतो. जेमतेम झाला, पण झाला. पलटण हलायच्या आत छावणीच्या कोठारात कारकून म्हणून लागला. साहेबानं शब्द पाळला. मला भेटायला आला तेव्हा अंगात कोट होता आणि बोलण्यात एकही ब्लडी नव्हतं. मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

पण ज्याचा विसर पडत नाही ते त्याच दिवशीचं, यादी लागल्यानंतरचं. मी फॉर्म आणि दौत घेऊन व्हरांड्यात गेलो. तो खाली बसला होता. मी फॉर्म त्याच्या हातात दिला, पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत मी फॉर्म मिळालेली मुलं खूप बघितली. कुणी नाचतं, कुणी रडतं, कुणी न सांगता घराकडे धूम ठोकतं. यानं फॉर्म गुडघ्यावर पसरला, टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "सर, मार्क कंच्या उत्तराला पडले? पयल्या का दुसऱ्या?"

"पहिल्या," मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. "दुसरं हेडमास्तरांनी फाडून टाकलं."

"म्हंजे संबंध हाय, असं हेडमास्तर पण म्हणाले?"

"हो. तुझंच बरोबर ठरलं."

त्यानं टाक दौतीच्या काठावर निथळला. मला वाटलं, आता हसेल.

"दुसरं लिहिताना मला बरं वाटलं व्हतं, सर," तो म्हणाला. "म्हणलं, एवढी शिकलेली माणसं आत बसलीत. ती म्हणत्यात संबंध नाय, तर खरंच नसंल."

आणि खाली मान घालून त्यानं फॉर्मवर आपलं नाव लिहायला घेतलं.